पिवळी रेघ

रग्बी गावाच्या उत्तरेला, डांबर संपून खडी लागते तिथे
आर्लीन ट्वाइट बाईंचं कोठार.
दार सरकवायला दोघी लागलो.
खालच्या रुळात सांडलेला गहू
उगवून, वाळून, पुन्हा उगवला होता.

आत ती.
छत्तीस सालची, पाच खिडक्यांची कूप,
टपावर कोंबड्यांची पिढीजात वस्ती,
सीटमध्ये उंदरांनी अंथरलेली
बियाण्यांच्या कॅटलॉगची कात्रणं,
बॉनेटखाली नुसती पोकळी, आणि पोकळीत
एक फावडं, कुणीतरी सहज ठेवून विसरलेलं.

"नवऱ्यासाठी बघतेस?"
नवरा नाही, म्हटलं. पाइपलाइनवर वेल्डर आहे, मायनॉटला.
बाईंनी माझ्या मनगटावरचे भाजल्याचे ठिपके पाहिले
आणि किंमत दोनशे डॉलरनी वाढवली.

मी पाठीवर पडून खाली शिरले.
चासीला स्क्रूड्रायव्हर टोचत गेले.
जिथे रुतला तिथे जरा मोठ्यानेच हळहळले;
भाव पाडायचा तर हळहळावं लागतं.
खरं तर लोखंड शाबूत होतं.
कोरड्या थंडीने त्याला
खारवलेल्या मासळीसारखं टिकवलं होतं.

बाहेर आले तेव्हा दिसल्या
दाराच्या खांबावर, आतल्या बाजूने,
खडूच्या दोन रेघा. पांढरी. पिवळी.

"पांढरी एल्डनची. तीन इंच कापून छप्पर बसकं करायचं,
मग फ्लॅटहेड बसवायचं, मग बॉनव्हिलचं मीठ तुडवायचं,
असं सगळं ओळीने ठरलेलं.
पिवळी माझी. दीड इंच.
तेव्हा माझे केस इतके उंच असायचे,"
त्यांनी हात कपाळाच्या बराच वर नेला
आणि तिथेच ठेवला, जरा वेळ.

दोन हिवाळे वाद चालला.
तिसऱ्यात त्याने करवतीला धार लावली
आणि त्याची पाठ गेली.
मग गुरं गेली. मग कोंबड्या आल्या.
"आता तूच बघ," त्या म्हणाल्या,
जणू अजून कुणीतरी पंच हवाच होता.

चार हजार शंभर. रोख. हात मिळवला.
कॉफीच्या डब्यात खिडक्यांचे स्क्रू दिले,
वर चिकटपट्टी: 'डावं दार, घाई करू नये'.

विंचने ओढून तिला ट्रेलरवर घेतलं,
चारी चाकांना साखळ्या, वर ताण.
निघणार, तर बाई म्हणाल्या,
फाटकापर्यंत येते. आतूनच.
पिकअपमध्ये नाही.

नियमात बसत नाही, मी म्हटलं.
"शेत माझं आहे," त्या म्हणाल्या.
बादली उपडी घातली, त्यांना वर चढवलं.
उजवीकडच्या दाराकडे हात नेला माझा,
तर त्या केव्हाच वळसा घालून डावीकडे.

अर्धा मैल. पहिला गिअर, माणूस चालावा तसा.
आरशात मी त्यांना पाहत होते:
कॅटलॉगच्या घरट्यावर ताठ बसलेल्या,
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
नजर माझ्या पिकअपच्या पार पलीकडे.
पाणी साचून राहतं त्या तळ्याशी रस्ता वळतो;
तिथे त्यांनी चाक फिरवलं.
साखळ्या करकरल्या. कूप कुठेच वळली नाही.
तरी वळल्यावर त्यांनी ते हलकेच सोडून
तळव्याखालून सरळ येऊ दिलं,
सराईत ड्रायव्हर सोडतो तसं.

फाटकाशी उतरताना हात दिला.
पुढच्या सीटवर मला बसू द्यायचा नाही, म्हणजे डावीकडे,
इतकंच बोलल्या. वळून चालू लागल्या.

आता फेब्रुवारी. गॅरेजात उणे चोवीस.
खांबावर टेप लावून उभी आहे,
ग्राइंडरची वायर खांद्यावर.
मी बुटकी; मला तीन इंच सहज जमतील,
आणि दिसेलही देखणी, एल्डन बरोबर होता.

डोक्यावर हात ठेवून बघते.
मग हात उचलते, थोडा वर,
आणखी थोडा.